दादाच्या गिटारसाठी केलेली पेटी

दादानं मला विचारलं तेव्हा मी ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. तो आगारातून नुकताच आला होता, नखांत ग्रीस होतं आणि त्याच हातानं त्यानं एक शेंग उचलली.

"तुला एखादा आवाज मुद्दाम फाडता येतो का?"

मला आधी कळलंच नाही. वसमतच्या आयटीआयत मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. ॲम्प्लिफायरचा आवाज स्वच्छ कसा ठेवायचा, तो फाटायला लागला तर चूक कुठं शोधायची, हेच मी वर्षानुवर्षं मुलांना सांगत आले होते. आणि हा म्हणत होता, फाडून दे.

"काहून फाडायचा?"

"गिटार आहे माझी. ढोलकी आणि ऑक्टोपॅडच्या मधी ती मच्छरासारखी वाजून राहिली. मोबाईलवर ऐकतो ना आपण, कसा भरून येतो आवाज, घासल्यासारखा. तसा पाहिजे."

दादा एसटीच्या आगारात मेकॅनिक होता आणि सुट्टीच्या दिवशी, जयंतीच्या दिवसांत तर रोजच, एका गाण्याच्या पार्टीत गिटार वाजवायचा. गावोगावच्या विहारांपुढं मंडप पडायचे, तिथं पार्टीचे कार्यक्रम व्हायचे. हार्मोनियम, ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड हे सगळीकडेच असतं. गिटार आमच्याकडच्या पार्टीत पहिल्यांदा दादानंच आणली. नांदेडहून कुणाची तरी वापरलेली विकत घेतली आणि मोबाईलवर बघून बघून शिकला. सुरात पक्का होता. बसचं इंजिन ऐकून कुठल्या सिलिंडरमध्ये खोट आहे ते त्याला कळायचं, तसंच गिटारचं.

घरात आम्ही तिघंच. दादा, वहिनी आणि मी. त्यांना मूल झालं नाही आणि माझं लग्न झालं नाही. दोन्हींची कारणं इथं सांगत बसत नाही. तिघांचं बरं चाललं होतं एवढं खरं.

पहिली पेटी मी सुट्या ट्रान्झिस्टरांची केली. त्यात अवघड काही नाही. ट्रान्झिस्टरला त्याच्या पेलण्यापलीकडचा सिग्नल दिला की लाटेचा माथा कापला जातो आणि त्या कापलेल्या लाटेचा जो आवाज येतो, तोच दादाला हवा असलेला फाटका आवाज. घरी सकाळी वाजवून बघितली तेव्हा दादा हसतच सुटला. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "ट्रॅक्टर आला का दारात?"

पण एप्रिलमध्ये शिरड शहापूरला कार्यक्रम झाला आणि ती पेटी मंडपातल्या उकाड्यात बिघडली. बंद पडली नाही, आवाजच बदलला. सुरुवातीला भरदार होता तो हळूहळू अडखळायला लागला, घशात कफ अडकल्यासारखा. दिवसभर तापलेला पत्रा, त्याखाली हॅलोजनचे दिवे. सुटे ट्रान्झिस्टर वेगवेगळे तापले आणि त्यांचा एकमेकांशी मेळ राहिला नाही. घरी येऊन मी विचार केला तेव्हा त्या चिपची आठवण झाली. चौदा पायांची एक जुनी चिप असते. आत बाकी काही नाही, नुसते पाच ट्रान्झिस्टर, पण सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर घडवलेले. एक तापला की पाचही तेवढेच तापतात. ती आता फारशी बनत नाही. मुंबईच्या एका दुकानदाराकडं जुन्या साठ्यातल्या होत्या, त्या मी कुरिअरनं मागवल्या.

त्या पाचांत दोघांची जोडी आवाज कमी-जास्त करायची. तिसरा त्या जोडीला किती करंट मिळेल ते ठरवायचा. चौथा गिटारचा आवाज केवढा आला त्यावर लक्ष ठेवायचा आणि आवाज मोठा झाला की तिसऱ्याला आवरायचा. याला कॉम्प्रेशन म्हणतात. जोरात वाजलेलं दाबायचं, हळू वाजलेलं उचलायचं, म्हणजे सगळे सूर एका उंचीवर येतात आणि तार छेडल्यावर सूर लवकर मरत नाही, लांबत राहतो. पाचवा ट्रान्झिस्टर मी आवाज फाडायला ठेवला. पहिली चिप मी जाळली. तेराव्या क्रमांकाचा पाय सगळ्यात खालच्या व्होल्टेजला जोडायचा असतो, ते माझ्याकडून राहिलं आणि बोट भाजण्याइतकी गरम होऊन ती गेली. दुसरी चालली. स्विचबोर्डची एक लोखंडी पेटी घेऊन त्यात सर्किट बसवलं, वर पायानं दाबायचं बटण लावलं. दादानं पेटीला आगारातला लाल रंग मारला.

ते वर्ष आमचं चांगलं गेलं. पार्टीचे गायक वयानं मोठे होते, पेशानं शिक्षक. सुरुवातीला त्यांना हा आवाज पटत नव्हता. पण एका गाण्यात कडवं संपलं, दादानं पायानं बटण दाबलं आणि एकच सूर इतका लांबवला की समोर मांडी घालून बसलेली माणसं उठून उभी राहिली. त्यानंतर गायकच म्हणायला लागले, "इथं तुझं ते लाल डबडं लाव बरं." ऑक्टोपॅडवर दादाचा मित्र असायचा. दोघं आगारात बरोबरच लागले होते. वहिनी त्याला भाई म्हणायच्या, म्हणून मीही भाईच म्हणते. भाई रमजानमध्ये रोजा धरूनच कार्यक्रमाला यायचा आणि दादा त्याच्यासाठी खजूर खिशात घेऊन बसायचा.

मग एका संध्याकाळी दादा पेटी घेऊन माझ्यासमोर आला.

"तुझी पेटी आवाज खाऊन राहिली."

"कसा?"

"मधूनच एखादा सूर उठतच न्हाई. मी दाबतो बराबर, पर येत न्हाई."

मी पेटी उघडली. सगळे व्होल्टेज मोजले. आयटीआयतून लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप घरी आणला आणि सिग्नल सोडून बघितला. लाट हवी तशी होती. तरी चिप बदलली, बटण बदललं, केबल बदलली. दादानं वाजवून बघितलं आणि मान हलवली. "तसंच आहे."

मी म्हणाले, "माझ्यासमोर वाजव बरं सगळं." आणि पेटीकडं न बघता त्याच्या हाताकडं बघत बसले. डावा हात तारांवर होता. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट तारेवर जायचं, पण तार खाली दाबली जायची नाही, नुसती टेकायची. दादा समजत होता की तो दाबतोय. त्याच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मधली जागा, जिथं मूठ वळली की मांस वर येतं, ती आत गेली होती. खड्डा पडला होता तिथं. मेकॅनिकचा हात तो, असा खड्डा मी कधीच बघितला नव्हता.

"आगारात काही तकलीफ होते का हाताला?"

त्यानं गिटार बाजूला ठेवली. "पाना सुटतो कधी कधी."

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "चहाचा कप बी सुटला परवा. मला म्हनले, कपच ओला होता."

नांदेडच्या डॉक्टरांनी तपासलं आणि फार न बोलता हैदराबादला जायला सांगितलं. मी आणि वहिनी दोघी गेलो त्याच्याबरोबर. तिथं एका खोलीत त्याला आडवं करून हाताच्या, मांडीच्या स्नायूंत सुया घातल्या. सुईची वायर एका यंत्राला जोडलेली होती आणि यंत्राला छोटा स्पीकर होता. स्नायूत जी वीज उठते ती तिथं ऐकू येते. दादा नुसता पडून होता, हात सैल सोडलेला, तरी स्पीकरमधून तड तड आवाज येत होता. पत्र्यावर कुणी खडे टाकावेत तसा, मध्येच थांबून परत. मला त्या यंत्राच्या आत काय असेल ते माहीत होतं. सुईतून येणारा इवलासा सिग्नल, तो मोठा करणारे ट्रान्झिस्टर, पुढं स्पीकर. आमच्या पेटीत आणि त्यात तत्त्वाचा काहीच फरक नव्हता. स्नायू विसाव्याला असला की या स्पीकरमधून काही यायला नको, हे तपासणाऱ्या बाईंनी न सांगताही मला समजलं. प्रत्येक सुईनंतर त्या माझी नजर टाळत होत्या.

दादा छताकडं बघत म्हणाला, "आपली पेटी लावली असती तर भारी वाजलं असतं हे."

कुणी हसलं नाही. त्यालाही हसू आलं नाही.

मोठ्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हालचालीच्या नसा मरत चालल्या आहेत. का, ते सांगता येत नाही. वेग थोडा कमी करणारी गोळी आहे, बरं करणारं औषध नाही. डोकं शाबूत राहील, ऐकू येईल, दिसेल, सगळं कळेल. वहिनींनी विचारलं, "म्हंजे हात जाणार का त्यांचा?" डॉक्टरांनी उत्तर द्यायच्या आधी दादानंच विचारलं, "हाताचंच आहे का सगळ्याचं?"

"सगळ्याचं," डॉक्टर म्हणाले. "हळूहळू."

परत येताना पूर्णा स्टेशनवर आम्ही गाडीची वाट बघत बसलो होतो. वहिनींनी डबा उघडला आणि कुणीच खाल्लं नाही. दादा हाताची मूठ वळत होता, सोडत होता. मला तेव्हा वाटलं की मी काहीतरी करू शकते. हा भ्रम मला पुढं बराच काळ पुरला.

घरी आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात दादा म्हणाला, "तार हलकीच दाबली जाते ना माझ्यानं, मग हलका सूर उचलून दे. तुझ्या पेटीचं कामच ते आहे."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी कामाला लागले. पातळ तारा आणल्या, त्या कमी जोरानं दाबता येतात. भाईनं तारा आणि पट्टीमधलं अंतर कमी करून दिलं. मी सर्किट पुन्हा बांधलं. आधी एक चिप होती, आता दोन लावल्या, एकीचं काम संपलं की पुढची उचलेल अशा. इतकं कॉम्प्रेशन कुणी शहाणा माणूस करणार नाही. आता नुसतं बोट तारेवर ठेवून उचललं तरी सूर यायचा. उजव्या हातानं छेडायची गरजच उरली नाही. पहिल्यांदा वाजवलं तेव्हा दादाचे डोळे भरले. वहिनी ओट्यावर येऊन बसल्या आणि त्यांनी पुन्हा वाजवायला लावलं.

काही महिने असे निघाले. तो बसून वाजवायला लागला. बटण पायानं दाबणं जमेना, तेव्हा मी कार्यक्रमांना त्याच्याबरोबर जायला लागले. पेटी माझ्या मांडीवर असायची, त्यानं मानेनं खूण केली की मी बटण दाबायची. आयटीआयतल्या मॅडम पार्टीत कशाला, असं काही जण विचारायचे. मी सांगायची, सर्किट माझं आहे.

पण कॉम्प्रेशनचा एक स्वभाव असतो आणि तो मला पहिल्यापासून माहीत होता. त्याला सूर आणि कचरा यातला फरक कळत नाही. सूर आला की तो सूर धरून ठेवतं. सूर आला नाही की जे काही हाताशी असेल ते उचलतं. जनरेटरची घरघर, ट्यूबलाईटची गुणगुण, शर्टाचं बटण गिटारला घासल्याचा आवाज, सगळं. दादाचे सूर जसे कमी व्हायला लागले तसा मधल्या जागेत हा कचरा वर यायला लागला. मी फिल्टर लावले. फिल्टर लावले की सूरही पातळ व्हायचा. पुन्हा काढले. त्या दिवसांत माझं सगळं आयुष्य त्या पेटीच्या मागंपुढं फिरत होतं. वर्गात शिकवताना फळ्यावर काहीतरी काढायची आणि मनात त्या दोन चिपांचाच हिशेब चाललेला असायचा. हात कुठं चाललाय याचा विचार करण्यापेक्षा तो बरा होता.

शेवटचा कार्यक्रम नरसीच्या पुढं एका खेड्यात झाला. ऊन उतरता उतरता सुरू झाला. वीज नव्हती, जनरेटर होता. साउंडचा मिक्सर चालवणारा माणूस माझ्या डाव्या हाताला बसला होता. पहिल्या गाण्यात दादानं मान हलवली, मी बटण दाबलं आणि स्पीकरमधून जनरेटरची घरघर उसळून आली. तिच्या आत कुठंतरी दादाचा एक सूर होता, अर्धवट, मग तोही गेला. लोकांनी कान झाकले. एक म्हातारी हसली. तिला वाटलं असेल, मुद्दाम काहीतरी चाललंय.

गायकांनी गाणं थांबवलं नाही. गाता गाताच त्यांनी मागं बघितलं, हात कमरेशी नेला आणि दोन बोटं खाली केली. मिक्सरवाल्यानं गिटारच्या आवाजाची सरकपट्टी खाली ओढली. पूर्ण खाली.

मी ते बघितलं आणि दादाकडं बघितलं. त्यानं वर पाहिलं. त्याला कळायला क्षणही लागला नाही. आयुष्यभर इंजिनं ऐकलेला माणूस तो. त्याच्या बोटाखालून आता काहीच येत नव्हतं. त्यानं मिक्सरकडं बघितलं, मग माझ्याकडं. मला वाटलं तो आता थांबेल. तो थांबला नाही. खाली मान घालून वाजवत राहिला. कडवं संपलं की मानेनं खूण करायचा आणि मी बंद असलेल्या आवाजासाठी बटण दाबायची. पुढचं गाणं, त्याच्या पुढचं गाणं. भाईनं ऑक्टोपॅडवरून मान वर केली नाही. कार्यक्रम संपेपर्यंत आम्ही दोघं असे वाजवत राहिलो आणि मंडपात कुणालाच काही कमी जाणवलं नाही.

परतताना जीपमध्ये गायक दादाच्या शेजारी बसले. जीप रस्त्याला लागल्यावर म्हणाले, "आज साउंड बराबर नव्हता गड्या."

"साउंड बराबर होता," दादा म्हणाला.



गिटार त्यानं भाईला देऊन टाकली. भाई घ्यायला तयार नव्हता. "मैं क्या करूं इसका? तूच ठेव, नजरेसमोर राहील." दादा म्हणाला, "नजरेसमोर नको म्हनून तर देऊन राहिलो." भाईनं ती उचलली आणि रस्त्यावर गेल्यावर भिंतीला टेकून उभा राहिला. मी खिडकीतून बघत होते. लवकर निघालाच नाही तो तिथून.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण घडलं तेही भराभर. पाय गेले. आगारातली नोकरी गेली. भाई रोज सकाळी कामावर जायच्या आधी यायचा, दादाला उचलून खुर्चीत बसवायचा आणि संध्याकाळी परत येऊन पलंगावर ठेवायचा. मग आवाज जायला लागला. आधी तो बारीक झाला. वहिनी स्वयंपाकघरात असल्या की त्यांना हाक ऐकू यायची नाही. एकदा दादाला ठसका लागला होता आणि वहिनी भाकरी थापत होत्या. त्या आल्या तोवर त्याचा चेहरा काळानिळा पडला होता.

त्या दिवशी वहिनी मला म्हणाल्या, "ताई, त्यांचं बोलनं मोठं करता येईल का? तुमी गिटारचं केलं होतं ना. तसंच."

मी नाही म्हणू शकले नाही. मला नाही म्हणायचंही नव्हतं. त्याच जातीची चिप, तीच जोडी, फक्त गिटारच्या जागी छोटा माईक. माईक दादाच्या सदऱ्याच्या गळ्याला लावला, स्पीकर स्वयंपाकघरात शेल्फावर ठेवला. फाडणारा भाग अर्थातच काढून टाकला. आवाज स्वच्छ यावा म्हणून मला जेवढं येत होतं तेवढं सगळं मी त्यात घातलं.

पहिल्या दिवशी दादा म्हणाला, "पाणी." आणि स्वयंपाकघरात ते मोठ्यानं, खणखणीत आलं. वहिनी धावत गेल्या. हसत होत्या त्या. संध्याकाळी भाई आला तर दादानं त्याला माईकवरून शिवी दिली आणि भाई खूप दिवसांनी मोकळा हसला.

पण दादा बोलत नसायचा तेव्हा पेटी स्वस्थ बसायची नाही. तिला जे मिळेल ते ती उचलायची. दादाचा श्वास घरभर ऐकू यायला लागला. आत जाणारा, बाहेर येणारा, मध्येच अडणारा. गिळल्याचा आवाज. घशातली लाळ. वहिनी पोळ्या लाटायच्या आणि त्यांच्या कानाशी तो श्वास चालू असायचा. त्या पेटी बंदही करू शकत नव्हत्या, कारण बंद केल्यावर ठसका लागला तर? एकदा मी कामावरून आले तर त्या शेल्फासमोर नुसत्या उभ्या होत्या, गॅसवर भाजी करपत होती.

"काय झालं, वहिनी?"

"थांबला होता थोडा वेळ," त्या म्हणाल्या. "आता सुरू झाला."

मग बोलणं बिघडलं. जीभ वळेना. शब्दांच्या कडा गेल्या. आवाज मोठा करता येतो, जीभ वळवता येत नाही. हे कळायला इलेक्ट्रॉनिक्स शिकावं लागत नाही, तरी मी बरेच दिवस फिल्टर बदलत राहिले. दादा काहीतरी म्हणायचा आणि स्पीकरमधून मोठा, ओला, न समजणारा आवाज यायचा. वहिनी तिथूनच विचारायच्या, "काय? काय पाहिजे?" तो पुन्हा म्हणायचा. पुन्हा तेच, तेवढ्याच मोठ्यानं. शेजारच्या बाईंचं लेकरू एकदा त्या आवाजाला भिऊन रडलं.

एका रविवारी दुपारी मी त्याच्याजवळ बसले होते. तो काहीतरी सांगत होता. मला कळेना. मी अंदाज करत गेले. पाणी? कूस बदलू? पंखा? टीव्ही? प्रत्येक वेळी तो डोळे मिटून उघडायचा, म्हणजे नाही. स्वयंपाकघरातून त्याचा आवाज परत परत येऊन आदळत होता. शेवटी त्यानं बोलणं सोडलं आणि नजर खाली नेली. आपल्याच गळ्याकडं. माईककडं.

"हा काढू का?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. डोळे मिटले नाहीत.

"ठसका लागला तर वहिनींना कसं कळेल, दादा?"

तो बघतच राहिला. मी माईक काढला. आत जाऊन वायर सोडवली आणि घर इतकं शांत झालं की वहिनी हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी माझ्या हातातली वायर बघितली. त्या दिवसापासून त्यांनी स्वयंपाकघरातली शेगडी उचलून दादाच्या खोलीत आणली आणि तिथंच जमिनीवर बसून स्वयंपाक करायला लागल्या. दोघं एकमेकांकडं बघत असायची. मी मध्ये जात नसे.

पावसाळ्याच्या अखेरीस तो गेला. सकाळची वेळ होती. भाई त्याला उचलायला आला आणि खाली वाकून तसाच थांबला. मग त्यानं हळूच वहिनींना हाक मारली, "भाभी." एवढंच म्हणाला.

जलदान विधीच्या दिवशी पार्टी आली. गायक वहिनींसमोर बसून रडले. मग त्यांनी दादाच्या आवडीची गाणी म्हटली. पार्टीत आता नवा कीबोर्डवाला होता, हिंगोलीचा, हुशार. ज्या गाण्यात दादा सूर लांबवायचा ते गाणं आलं तेव्हा मी मूठ आवळून बसले. कीबोर्डवाल्यानं एक बटण दाबलं आणि कीबोर्डमधून गिटार वाजली. फाटकी, भरलेली, लांबणारी. ना घरघर, ना खरखर. सूर चुकला नाही, एकदाही हलला नाही. माणसांनी माना डोलावल्या. माझ्या शेजारी बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "अगदी तसंच वाजवलं बाई." तसंच होतं. खरं सांगायचं तर जास्त चांगलं होतं. मी त्यात काही खोट सापडते का म्हणून शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि मला सापडली नाही. भाई ऑक्टोपॅड न वाजवता मागं उभा होता. गाणं संपायच्या आधीच तो निघून गेला. आता तो पार्टीत वाजवत नाही.

वहिनींना काही महिन्यांनी परभणीकडं त्यांच्या भावानं नेलं. त्या जायला नको म्हणत होत्या, मग एक दिवस तयार झाल्या. मी अजून त्याच घरात आहे. आयटीआयत जाते, शिकवते. मला आता कान लावून काही ऐकायला नको वाटतं. मुलं सर्किट बांधून आणतात, "मॅडम, ऐका ना," म्हणतात. मी मीटर लावते, आकडा बघते आणि बरोबर आहे म्हणून सांगते. घरी आल्यावर दिवा लावते, काहीतरी शिजवते. या सगळ्यातून पुढं काही निघेल असं मला वाटत नाही. वाटायला पाहिजे, असं सहकारी म्हणतात. वेळ जाईल तसं बरं वाटेल म्हणतात. वेळ गेला आहे.

वहिनींचा फोन येतो, बहुतेक रविवारी. सुरुवातीला आम्ही दादाबद्दलच बोलायचो, एकमेकींना तेच तेच सांगायचो. मग ते बोलणं संपलं. आता त्या विचारतात, पाणी येतं का नळाला, सिलिंडर मिळालं का. मी विचारते, गुडघा कसा आहे, भावजय नीट वागते ना. त्या म्हणतात, नीट आहे सगळं. मग विचारायचं संपतं. फोन तसाच कानाशी असतो. तिकडं कुणीतरी भांडी घासत असतं, कुठंतरी टीव्ही चालू असतो.

"ठेवू का, ताई?" त्या विचारतात.

"ठेवा," मी म्हणते.